ट्रेलरखालच्या पाण्याच्या टाकीचा आधार कसा तपासावा आणि भक्कम कसा करावा

आधी थेट उत्तर देतो. आहे त्या आधारावर टाकी काठोकाठ भरून ओहायोहून निघू नका. काम घरच्या घरी होण्यासारखं आहे, पोलादही थोडंच लागेल, पण ते कुठे आणि कसं बसवायचं हे नीट समजून घेतल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

तुम्ही विचारलंय ते असं: २०१७ सालचा सव्वीस फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलाय. पिण्याच्या पाण्याची टाकी ५० गॅलनची आहे आणि चाकांच्या मागे आहे. फ्रेमच्या दोन मुख्य बीममध्ये ६८ इंचांचं अंतर आहे. टाकीखाली दोन इंची, आठवा भाग इंच जाडीचे दोन अँगल आडवे बसवलेत आणि ते सेल्फ टॅपिंग स्क्रूंनी बीमला धरलेत. खालचं काळं प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे कोरोप्लास्ट, एका बाजूला पोटासारखं लोंबतंय. येत्या उन्हाळ्यात युटाला मोआबच्या बाजूला नळ नसलेल्या जागी मुक्काम करायचाय, तर टाकी भरून नेली तर चालेल का, आणि आधार वाढवायचा तर कसा?

मी बरीच वर्षं ट्रेलर आणि मोटरहोमच्या खालच्या बाजूचीच कामं करतोय. ॲक्सल, ब्रेक, फ्रेम, टाक्या. टाकीच्या आधाराकडे लोक सगळ्यात उशिरा बघतात, कारण तो आवरणामागे झाकलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वजनापासून सुरुवात करू. एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, म्हणजे पाणी तितकेच किलो. ५० गॅलनचे झाले १८९ किलो, टाकीचं स्वतःचं वजन धरून साधारण २०० किलो. ट्रेलरच्या दाराजवळ वजनाचं जे स्टिकर असतं त्यावर भरलेल्या पाण्याचं वजन वेगळं छापलेलं असतं, ते एकदा वाचून घ्या. हे २०० किलो ट्रेलर अंगणात उभा असतानाचे. रस्त्यावर खड्डा लागला, पुलाच्या सांध्यावरून चाक आदळलं की तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. अशा कामात आम्ही हिशेब तिपटीने धरतो, म्हणजे ६०० किलो, आणि तुमच्या दोन अँगलांवर प्रत्येकी ३००.

आता ६८ इंचांच्या, म्हणजे १.७३ मीटरच्या गाळ्यावर ३०० किलो सारखे पसरून ठेवले तर तुमच्या अँगलमध्ये ताण येतो साधारण २९५ मेगापास्कल. साधं बांधकामाचं पोलाद २५० मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे कागदावरच हा अँगल नापास आहे. प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते, कारण टाकी बीमपासून बीमपर्यंत पसरलेली नसते, वजन मधल्या भागात जास्त पडतं. शिवाय अँगलच्या एका बाजूवर भार टाकला की तो नुसता वाकत नाही, पिळवटतोही. एकदा पिळला की टाकीची कड त्यावरून निसटायला लागते.

नव्या आधारासाठी दोन इंची चौकोनी पाईप घ्या, जाडी तीच, आठवा भाग इंच. वजन अँगलच्या दुपटीपेक्षा थोडं कमी, पण वाकण्याला विरोध जवळजवळ चौपट. त्याच भाराखाली ताण येतो ८० मेगापास्कलच्या आसपास. पिळण्याच्या बाबतीत तर बंद पाईप आणि उघडा अँगल यांची तुलनाच नको. म्हणून मी नवीन आधार नेहमी चौकोनी पाईपचेच घालतो.

पण तुमच्या ट्रेलरमध्ये मला अँगलपेक्षा जास्त काळजी स्क्रूंची वाटते. सेल्फ टॅपिंग स्क्रूचे आटे फ्रेमच्या पातळ पत्र्यात जेमतेम दोन-तीन वेटोळेच धरतात. कोरोप्लास्ट लावायला ते ठीक आहेत. पाण्याचं वजन हजारो मैल हादरत राहिलं की भोक हळूहळू मोठं होतं, आटे झिजतात, आणि एक स्क्रू सुटला की त्याचा भार शेजारच्यावर जातो. भरलेली घागर कमरेवर टेकवून नेणं आणि नुसत्या बोटांनी काठाला धरून नेणं यात जो फरक, तोच इथे आहे. आधार फ्रेमवर टेकलेला हवा. बोल्टचं काम त्याला जागेवर ठेवण्याचं, वजन पेलण्याचं नव्हे.

तपासणीला खाली शिरण्याआधी दोन गोष्टी करा. ट्रेलरच्या कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, त्यांच्या भरवशावर ट्रेलरखाली कधीही झोपू नका. चाकांना दोन्हीकडून लाकडी किंवा रबरी अडसर लावा, पुढचा जॅक पक्क्या जमिनीवर ठेवा, आणि फ्रेमच्या मुख्य बीमखाली जॅक स्टँड लावा. दुसरं, टाकी पूर्ण रिकामी करा. लोंबणाऱ्या आवरणाखाली २०० किलो आहेत की नाहीत हे ठाऊक नसताना त्याचे स्क्रू काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

कोरोप्लास्ट लोंबतंय म्हणजे टाकीच खाली आलीय असं लगेच समजू नका. बऱ्याचदा वर कुठेतरी गळती असते आणि ते पाणी आवरणात साठून पोट सुटतं. सगळ्यात खालच्या जागी लहानसं भोक पाडा आणि काय येतं बघा. स्वच्छ पाणी आलं तर पिण्याच्या पाण्याची लाईन किंवा टाकीचा जोड गळतोय. वास येणारं पाणी असेल तर सांडपाण्याच्या बाजूला शोध घ्यावा लागेल. काहीच आलं नाही आणि हाताने वर दाबल्यावर कडक लागलं, तर मात्र टाकीच आवरणावर येऊन बसलीय. भोक पाडताना ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, टोक अर्ध्या इंचापेक्षा आत जाऊ देऊ नका.

मग आवरण एका बाजूने उघडा. सगळं काढायची गरज नाही, तीन बाजूंचे स्क्रू काढून खाली वाकवलं तरी चालतं. भिजलेलं इन्सुलेशन मिळालं तर फेकून द्या, ते वाळवून परत घालू नका, पोलादाला चिकटून ते गंजच वाढवतं. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा आधीच्या मालकाने ट्रेलर हिवाळ्यात ओढला असेल तर अँगलची टोकं आणि स्क्रूंची डोकी खास बघा. बारीक हातोडीने ठोकत जा. चांगलं पोलाद खणखणतं, गंजाने पोखरलेलं बद्द आवाज करतं आणि खपल्या पडतात.

स्क्रूभोवती चकचकीत घासलेली जागा किंवा तांबूस भुकटीचं वर्तुळ दिसलं तर तिथे आधार हलतोय हे नक्की. भोक लंबगोल झालंय का बघा. टाकीच्या बुडावर अँगलची खूण कुठे उमटलीय तेही बघा. खूण एका जागी आणि अँगल दुसऱ्या जागी, म्हणजे टाकी पुढे-मागे सरकलीय. आणि टाकीला लागलेले जोड बघा: भरायचा मोठा पाईप, हवेचा बारीक पाईप, पंपाकडे जाणारा पाईप. यातला एखादा तिरका ताणलेला दिसला तर टाकी बसल्याचा तो सगळ्यात बोलका पुरावा आहे. जोडाच्या मुळाशी पांढरट रेषा आली असेल तर प्लॅस्टिक तिथे थकलंय, आज ना उद्या चिरणार.

यानंतर एक माप घ्या, आणि हे टाळू नका. दोन्ही बीमच्या खालच्या कडांना टेकेल अशी सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी आडवी लावा आणि तिथपासून टाकीच्या बुडापर्यंतचं अंतर तीन-चार ठिकाणी मोजून मार्करने टाकीवरच लिहून ठेवा. मग ट्रेलरखालून बाहेर या, आवरण उघडंच ठेवून टाकी एक चतुर्थांश भरा, बाहेरून टॉर्च मारून बघा, मग अर्धी, मग पूर्ण. भरत असताना खाली शिरायचं नाही, माप लांब पट्टीने बाजूने घ्यायचं. रिकाम्या आणि भरलेल्या मापात चार-पाच मिलिमीटरचा फरक समजण्यासारखा आहे. अर्धा इंच किंवा जास्त फरक आला, किंवा टाकी रिकामी केल्यावर माप मूळ जागी परत आलं नाही, तर आधार कामातून गेलाय असं माना. लोक डोळ्याने बघून ‘ठीक दिसतंय’ म्हणतात, ते बहुतेक वेळा रिकाम्या टाकीकडे बघून म्हटलेलं असतं.

काम करण्याआधी एक फुकटचं काम करून घ्या. ट्रेलरचा सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर, एनएचटीएसए या अमेरिकी वाहन सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावणं, आहे का बघा. टाकीच्या आधारासाठी काही मॉडेलांचे रिकॉल याआधी निघालेले आहेत. तुमच्यावर तसा निघालेला असेल तर दुरुस्तीचा खर्च उत्पादकावर असतो, तुम्ही दुसरे मालक असलात तरीही.

रिकॉल नसेल तर पुढचं तुमच्या हातात. जुने अँगल काढू नका, ते राहू द्या. त्यांच्या जोडीला दोन चौकोनी पाईप घाला, असे की कुठल्याही दोन आधारांमध्ये दीड फुटापेक्षा जास्त मोकळी जागा राहणार नाही. टाकी पॉलिएथिलिनची असते. हे प्लॅस्टिक सततच्या वजनाखाली, विशेषतः उन्हाळ्यात, हळूहळू कायमचं ताणलं जातं आणि दोन आधारांमध्ये बुडाला पोट सुटतं. म्हणून पाईप आणि टाकी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाचं मरीन प्लायवूड किंवा जाड ॲल्युमिनियमचा पत्रा घातला तर फार चांगलं, भार पसरतो. प्लायवूडच्या कडांना रंगाचे दोन हात द्यायला विसरू नका. पत्रा घातलात तर त्यावर ईपीडीएम रबराची पट्टी चिकटवा. पोलादाची धार थेट प्लॅस्टिकवर कधीही नको.

आता पाईपची टोकं फ्रेमला कशी टेकवायची हा खरा प्रश्न. तुमचा बीम आय आकाराचा आहे: मध्ये उभा पत्रा, वर आणि खाली आडव्या पट्ट्या. टाकीचं बूड खालच्या पट्टीच्या पातळीच्या पुरेसं वर असेल तर काम सोपं आहे. पाईप दोन उभ्या पत्र्यांमधल्या अंतरापेक्षा पाव इंच कमी कापा, तिरका करून आत घाला आणि फिरवून दोन्हीकडे खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूवर बसवा. वजन थेट पट्टीवर आलं. मग दोन्ही टोकांना अँगलचा लहान तुकडा लावून तो उभ्या पत्र्याला दोन बोल्टांनी पक्का करा. बोल्ट तीन अष्टमांश इंची, ग्रेड ५, दोन्हीकडे रुंद वॉशर आणि नायलॉनवाला नट. भोकं उभ्या पत्र्याच्या मधल्या उंचीच्या आसपास पाडा, तिथे बीम वाकताना येणारा ताण सगळ्यात कमी असतो.

खालच्या पट्टीत मात्र भोक पाडू नका. बीमची ताकद या वरच्या-खालच्या पट्ट्यांतच असते. खालच्या पट्टीत पाडलेल्या भोकापासून सुरू झालेली आणि उभ्या पत्र्यात वर चढत गेलेली चीर मी दुरुस्त केलेली आहे. टाकीचं काम काही तासांचं होतं, फ्रेमचं काम त्याच्या कित्येक पट महाग पडलं.

टाकी खालच्या पट्टीच्या पातळीला किंवा त्याहून खाली येत असेल तर पाईप फ्रेमखालूनच न्यावा लागतो. तेव्हा पट्टीला चिमट्यात धरा: वर एक जाड पट्टी, खाली पाईपला वेल्ड केलेली दुसरी, आणि बोल्ट बीमच्या पट्टीच्या कडेबाहेरून. फ्रेमला भोक पडत नाही आणि पकड घट्ट बसते. यात जमिनीपासूनची उंची दोन इंचांनी कमी होते, आणि तुमची टाकी चाकांच्या मागे असल्याने चढ-उताराच्या फाट्यावर तीच आधी घासण्याचा धोका असतो, हे लक्षात ठेवा.

वेल्डिंग करायचं तर पाईप, तुकडे, पट्ट्या बाहेर टेबलावर वेल्ड करून मग बसवा. टाकीखाली, जागेवर वेल्डिंग नको. वर प्लॅस्टिक, फोम, वायरिंग, आणि बऱ्याच ट्रेलरमध्ये प्रोपेनची लाईनही फ्रेमलगतच जाते. या ट्रेलरांच्या बीमचा उभा पत्रा पातळ असतो, अननुभवी हाताने त्याला भोकच पडतं. जागेवर वेल्ड करणं अटळ असेल तर माहितगार वेल्डरकडे जा, टाकी उतरवून.

टाकी खाली बसलेली असेल तर आधी ती मूळ उंचीला आणा. प्लायवूडचा मोठा तुकडा बुडाखाली धरून फ्लोअर जॅकने हळूहळू उचला आणि जोडांकडे नजर ठेवा. पाईप सरळ दिसू लागले की थांबा. आणखी घट्ट बसावी म्हणून वर दाबत राहिलात तर वरचे जोड तुटतील.

एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. टाकी नुसती खाली पडत नाही, पुढेही धावते. जोरात ब्रेक लागला की २०० किलोंचा लोंढा पुढे ढकलतो, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी डचमळून धक्का आणखी वाढतो. मूळ बांधणीत टाकीला पुढून-मागून अडवणारं बऱ्याचदा काहीच नसतं. तेव्हा पुढच्या आणि मागच्या पाईपवर दीड-दोन इंच उंचीचा अँगलचा तुकडा अडसर म्हणून लावा, टाकीच्या बाजूला रबर. सगळ्या वेल्डवर, कापलेल्या टोकांवर आणि भोकांवर झिंकचा स्प्रे मारा.

आधार चांगला असूनही तो मोडण्याचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे हवेचा पाईप बंद पडणं. टाकी भरताना आतली हवा बाहेर जायला बारीक पाईप असतो. तो मुरगळला किंवा त्याच्या तोंडाशी कीटकांनी घर केलं, आणि नळाच्या दाबाने पाणी येत राहिलं, की टाकी फुगते. दोन फूट बाय चार फुटांच्या बुडावर एक पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला एक पाउंड, दाब आला तर होतात ११५२ पाउंड, ५२० किलोंहून जास्त. घरगुती नळाला याच्या कित्येक पट दाब असतो. वरची फळी आणि खालचे आधार यांच्यामध्ये फुगलेली टाकी अडकली की वाकायचे ते आधारच. तेव्हा भरताना हवेच्या पाईपमधून हवा येतेय का हात लावून बघा, आणि पाईप नळाला जोडून निघून जाऊ नका.

आता तुमच्या प्रवासाबद्दल. आधार भक्कम झाल्यावरही मी ओहायोपासून टाकी भरून नेणार नाही. टाकी चाकांच्या मागे असल्याने ती भरली की हिचवरचं, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडतो त्या जोडावरचं, वजन घटतं. समजा ट्रेलर २७०० किलो आणि हिचवर ३२४ किलो, म्हणजे १२ टक्के. टाकीचा मध्य ॲक्सलच्या मागे दीड मीटर आणि हिच पुढे पाच मीटर धरला तर १९० किलो पाण्याने हिचवरचे ५७ किलो कमी होतात. राहिले २६७, आणि एकूण वजन झालं २८९०. हे सव्वानऊ टक्के. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवेत, त्याखाली गेलं की ट्रेलर मागे शेपटासारखा हेलकावे घ्यायला लागतो, आणि कॅन्ससच्या सपाटीवर आडवा वारा असताना ते सावरणं कठीण जातं. ही आकडेमोड अंदाजाची आहे. निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या टाकीने वजन करून घ्या.

तुमचा रस्ता बहुतेक आय-७० महामार्गाचा असेल. वाटेत हात धुवायला, टॉयलेटला दहा गॅलन पुरतात, ते ३८ किलो होतात, त्याने काही बिघडत नाही. क्रेसंट जंक्शनला आय-७० सोडलं की मोआब तीसेक मैलांवर आहे. टाकी मोआबमध्ये भरा आणि तिथून हळू चालवत मुक्कामाला जा. बीएलएमच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनीवरचे कच्चे रस्ते खडबडीत असतात, तिथे ताशी दहा-पंधरा मैलांपेक्षा वेग नको. पाणी संपलं की पूर्ण ट्रेलर हलवण्याऐवजी सहा गॅलनचे कॅन ट्रकमधून भरून आणणं सोपं, एक भरलेला कॅन साधारण २३ किलोंचा होतो.

सांडपाण्याच्या दोन टाक्यांचे आधारही त्याच वेळी बघून घ्या, त्या तितक्याच जड होतात. परतताना त्या भरलेल्या ठेवून शेकडो मैल आणू नका, मोआबमध्येच डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, रिकाम्या करा.

वाटेत कधी टाकी खाली आलेली दिसली तर लगेच कडेला घ्या, पाणी सोडून द्या, प्लायवूड किंवा फळी बुडाखाली धरून दोन रुंद रॅचेट पट्टे एका बीमवरून दुसऱ्या बीमवर आवळा. पट्टा बीमच्या धारेवर येतो तिथे जुन्या रबराचा तुकडा घाला. रिकाम्या टाकीसाठी हे पुरतं, भरलेल्यासाठी नाही.

नवे बोल्ट सुमारे ३० फूट-पाउंडांना आवळा आणि प्रत्येक नटावरून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या शंभर मैलांनंतर थांबून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, परत आवळा. कोरोप्लास्ट लावताना नव्या आधारांच्या टोकाशी हात जाईल एवढी झडप ठेवा, म्हणजे दर हंगामात सगळं आवरण काढावं लागणार नाही. आणि टाकीच्या मागच्या-पुढच्या भागात आवरणाला लावायचे स्क्रू अर्ध्या इंचाचेच वापरा. लांब स्क्रू वर टाकीत घुसला तर गळतीचा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल.